दुसरी टाळी

आमच्या वर्गात तिला खिट्टी म्हणत. ती खिडकीशी बसायची आणि प्रार्थनेआधी वर्गातल्या सहाही खिडक्यांच्या खिट्ट्या लावायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून खिट्टी. नाव मीच दिलं. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आमचे यजमानसुद्धा मान्य करतात. तिनं त्या नावाचा कधी राग मानला नाही. राग मानणं हा प्रकारच तिच्यात नव्हता, आणि इतकी वर्षं मला त्याची सोयच झाली.

शाळा सिस्टरांची. दगडी इमारत, मध्ये अंगण, अंगणाच्या एका टोकाला प्रार्थनाघर आणि दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारं लहान फाटक. तळमजल्यावरची शेवटची खोली शिलाईची. तिथे खिट्टी चौतीस वर्षं बसते आहे. पायानं चालवायची दोन मशिनं, पत्र्याची कपाटं, कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीवर हुकाला तीन कात्र्या. त्यातल्या एकीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मागच्या बाजूला पडदा आणि पडद्याआड तिची खाट. मुलींचे गणवेश चार बोटं दुमड आत ठेवून शिवतात, आणि मुलगी वाढेल तशी ती दुमड दरवर्षी थोडी थोडी सोडतात. सोडलेल्या जागी रेघ राहते. त्या रेघा मोजून मुलगी शाळेत कितवं वर्ष काढते आहे, हे खिट्टी चेहऱ्याकडे न बघता सांगते. अशा दोन-अडीच हजार मुली तिच्या हातून वाढल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. ती स्वतः फक्त रविवारी बाहेर पडायची, तीही माझ्याकडे जेवायला, आणि चारच्या ठोक्याला परत. थांब की गं म्हटलं तर म्हणायची, सिस्टर वाट बघतील. तिची वाट कुणीही बघत नसे.

आता त्या टाळीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या शाळेत तोंडानं हुकूम देत नसत. पुस्तकासारख्या उघडमिट होणाऱ्या दोन छोट्या फळ्या होत्या, चामड्याच्या पट्टीनं जोडलेल्या, तिला आम्ही टाळी म्हणायचो. एक टाळी वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं. घास तोंडात असेल तर तसाच ठेवायचा, जिना चढत असाल तर मधल्याच पायरीवर उभं राहायचं. लागोपाठ दोन वाजल्या की चालू, आणि या जोडीला आम्ही दुसरी टाळी म्हणायचो. मधल्या वेळात जी हलेल ती संध्याकाळभर प्रार्थनाघरात गुडघ्यांवर. हे दहा वर्षं, रोज. हसण्यावारी नेऊ नका. लग्नानंतर एकदा सासूबाईंच्या हातून लाकडी झाकण फरशीवर पडलं आणि मी दार अर्धं उघडून तशीच उभी राहिले. सासूबाईंनी रात्री मुलाला बाजूला घेऊन विचारलं की हिला फिट वगैरे येते का, लग्नाआधी काही बोलले नाहीत तिच्या घरचे.

शेवटच्या वर्षी मी मॉनिटर झाले आणि टाळी माझ्या हातात आली. मी जरा शेफारलेच होते. त्याच वर्षी चित्रकलेच्या बाईंनी खिट्टीनं बेतलेले दोन झगे मोठ्या शहरातल्या एका शिवणशाळेला पाठवले होते. तिथून पत्र आलं की मुलीला पाठवा, राहायची सोय होईल, अमुक तारखेला सकाळी दहाला हजर व्हायला सांगा. खिट्टीला वडील नव्हते, आई शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. आईला सिस्टरांच्या शब्दाबाहेर जायची सवय नव्हती, आणि शिलाईच्या सिस्टरांना सुईचं नेढं दिसेनासं झाल्यामुळे त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. दोघींनी मिळून ठरवून टाकलं की मुलगी इथेच राहील. खिट्टी मान खाली घालून हो म्हणाली, आणि मधल्या सुट्टीत माझ्या कानात सांगितलं की बक्षीस समारंभाच्या दिवशी चारच्या बसनं ती जाणार. बस लहान फाटकासमोर दोन-तीन मिनिटं थांबायची. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याच सकाळी दहाला तिकडे हजर व्हायचं होतं, म्हणजे तिचा काही उपयोग नव्हता. हे दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी सगळ्या मुली अंगणातून रांगेनं सभागृहाकडे निघाल्या होत्या. बस आली. खिट्टी रांगेतून सटकली, फाटकाशी पोचली, कडीला हात घातला. आणि माझी टाळी वाजली. एकच. अख्खं अंगण थांबलं. तीही थांबली, आमच्याकडे पाठ करून, हात कडीवर ठेवून. बस निघून गेली. मग प्रार्थनाघराच्या बाजूनं शिलाईच्या सिस्टर आल्या, त्यांनी तिला दंडाला धरून आत नेलं. मी दोन टाळ्या वाजवल्या आणि रांग पुढे सरकली.

हा प्रसंग खिट्टी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना माझे उपकार मानायची. तिच्या समजुतीप्रमाणे मी सिस्टरांना येताना पाहिलं, आणि ती रस्त्यावर सापडून तिच्या आईची नोकरी जाऊ नये म्हणून तिला वेळेवर थांबवलं. हिनं वाचवलं मला, असं ती माझ्या मुलांना सांगायची. मुलांना तोंडपाठ झालं होतं. मी ताटात बघत मूग गिळून बसायची, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या वर्षी शाळेत सिनेमावाले आले. दिग्दर्शिका आमच्याच शाळेची, आमच्याहून आठ वर्षांनी लहान. तेव्हा तिला शेंबडी म्हणत, तेही माझंच काम. आता ती केस कापून, काळा चष्मा लावून तीस-चाळीस माणसांना पळवते, तरी मला तिच्या नाकाकडे बघितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा जुन्या दिवसांचा होता: सिस्टरांची शाळा, त्यात वाढणाऱ्या मुली, त्यांच्या चहाड्या आणि शपथा. नायिका म्हणजे खिट्टी. त्या दिवशी रांगेत शेंबडीही होती, आठ वर्षांची, तिनं सगळं पाहिलं होतं. फक्त तिच्या सिनेमात मैत्रीण योग्य वेळी दुसरी टाळी वाजवते, आणि नायिका फाटक उघडून बसमध्ये चढते. हे ऐकून खिट्टी म्हणाली, बरं झालं, कुणीतरी गेलेलं बघू तरी.

आम्हा जुन्या मुलींना समारंभातल्या पालक म्हणून उभं राहायला बोलावलं. मी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटची नावं पुकारायला बसते, म्हणजे अजूनही लोकांना ऊठबस करायला लावते, तिथून आठ दिवस रजा काढली. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. क्लॅप देणारे एक टक्कल पडलेले गृहस्थ पाटी घेऊन पुढे आले, त्यांनी ती फट्कन वाजवली, आणि आम्ही बावीस बायका जागच्या जागी थिजलो. शेंबडी ओरडते आहे की चाला, बोला, हसा, आणि एक बाई हलेल तर शपथ. खिट्टीचा तर त्या दृश्याशी संबंधही नव्हता. ती बाजूला बसून एका मुलीच्या झग्याची दुमड टाचत होती, तीही ओठांत टाचण्या धरून तशीच. असं चार वेळा झालं. पन्नाशीच्या बायका, कुणी आजी झालेल्या, कुणाचे गुडघे बदललेले, आणि सगळ्या दुसऱ्या टाळीची वाट बघत उभ्या. शेवटी तोडगा निघाला की पाटी वाजल्यावर त्या गृहस्थांनी हातानं दोन टाळ्या द्यायच्या. मग आम्ही सुरळीत चालायला लागलो. पहिल्या खेपेला शेंबडीसुद्धा हात वर करून थांबली होती, हे तिनं कबूल केलं नाही. मी पाहिलं होतं.

कपडेपट सांभाळणाऱ्या बाई मोठ्या खमक्या होत्या. त्यांनी खिट्टीचं काम दोन दिवस नुसतं बघितलं. तिनं जुन्या गणवेशांच्या दुमडी अशा सोडल्या होत्या की कोणती मुलगी नवी आणि कोणती पाच वर्षं मुरलेली, हे नुसत्या झग्यावरून कळावं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की इथलं काम संपलं की आमच्याबरोबर चला, वर्षभर काम आहे, राहायला जागा आहे, शेवटच्या दिवशी पाच वाजता आमची बस निघते. खिट्टीची आई जाऊन आठ वर्षं झाली होती. हल्लीच्या मोठ्या सिस्टर वयानं आमच्याहून लहान, त्या म्हणाल्या की जायचं तर जा, पण शाळा उघडायच्या आत एकशेचाळीस गणवेश कोण सोडणार ते मला सांगून जा. खिट्टी दोन दिवस मशिनवरून उठली नाही. निम्मे गणवेश संपवले, उरलेल्यांचे गठ्ठे बांधून प्रत्येकावर मापाची चिठ्ठी टाचली, आणि खाटेखालची पिशवी काढून झटकली.

त्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. ती हसत होती. जेवता जेवता म्हणाली, "या वेळी सिस्टर येताना दिसल्या तरी वाजवू नकोस हं."

माझे यजमान हसले, मुलगी हसली. मी तिला आणखी भात वाढला. वाटलं, आता जातेच आहे, सुखानं जाऊ दे, कशाला जुनं उकरा.

शेवटच्या दिवशी फाटकाचं दृश्य होतं. शेंबडीनं मला विचारलं की ताई, तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात, तिथेच मैत्रिणीला उभी करू. मी वऱ्हांड्याच्या वरच्या पायरीकडे बोट दाखवलं. तिथून अंगण, फाटक, प्रार्थनाघराची वाट, सगळं दिसतं. ती म्हणाली की नाही, तुम्ही खाली नळापाशी होतात. तिला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी तिला सडकून तहान लागली होती, नळ ठिबकत होता, आणि टाळी वाजल्यामुळे तिला त्या नळाकडे बघत ताटकळावं लागलं होतं. नळ आणि नळाशेजारी माझे बूट. तिनं कॅमेरा नळापाशी आणवला, डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ताई," ती म्हणाली, "इथून प्रार्थनाघराची वाट दिसतच नाही. कोठीची भिंत आडवी येते. मग सिस्टर येताहेत हे तुम्हाला कळलं कसं?"

भिंत शाळेइतकीच जुनी. पावलं ऐकली म्हणावं, तर सिस्टरांच्या बुटांचे तळवे रबरी, त्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही, आणि हे आम्हा तिघींनाही माहीत. मी म्हणाले, आठवत नाही बाई आता. शेंबडीला पुढची घाई होती, तिनं विषय सोडला. खिट्टी नायिकेच्या झग्यापाशी गुडघे टेकून बसली होती. तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या गादीत खोचल्या, आणि उठून नळापाशी गेली. मी उभी होते तिथे उभी राहिली. आधी प्रार्थनाघराच्या बाजूला बघितलं. भिंत दिसली. मग फाटकाकडे बघितलं.

खरं सांगते. कुणी येत नव्हतं. मला पुढे शिकवणार नाहीत हे माझ्या वडिलांनी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. ती गेल्यावर मी इथे एकटी काय करणार, या विचारानं मला धडकी भरली होती, आणि त्याहून जास्त राग आला होता. ही मान खाली घालणारी मुलगी, हिला मी नाव दिलं, हिची वही मी लिहून द्यायची, आणि ही चालली. हातात टाळी होती, वाजवली. वाजवल्यावर लगेच लाज वाटली. बस उभी होती तोवर दुसरी वाजवायचं दहा वेळा मनात आलं. फळ्या उघडून धरल्यासुद्धा होत्या. पण मिटल्या नाहीत माझ्या हातून, आणि बस गेली. सिस्टर त्यानंतर आल्या, त्या निव्वळ योगायोगानं, आणि त्या योगायोगावर मी तेहेतीस वर्षं पुण्यवान ठरले.

दृश्य पहिल्याच खेपेला जमलं. पाटी वाजली, त्या गृहस्थांनी दोन टाळ्या दिल्या, मैत्रीण झालेल्या मुलीनं आपल्या वाजवल्या, आणि नायिका फाटकातून अशी सुटली की सगळ्यांनी वाहवा केली. मग सामान बसमध्ये चढायला लागलं. पाचला दहा कमी असताना खिट्टी पिशवी घेऊन आली. बरोबर नेहमीची कात्री, फडक्यात गुंडाळलेली. फाटक सताड उघडं होतं. ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली. कुणी काही वाजवलं नव्हतं. तशीच वळून ती माझ्याकडे आली.

"सिस्टर येत नव्हत्या," ती म्हणाली.

"नाही."

"मग का गं?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

तिनं मान हलवली. एखाद्या मुलीचं माप चुकीचं लिहून आलं की हलवते तशी. "मी म्हणायचे, गेले असते तरी पकडली गेले असते. त्याच्यावर दिवस काढले मी. आईवर चिडले नाही, सिस्टरांवर चिडले नाही. आणि वाट मोकळी होती."

मला रडू आलं, पण रडून तिला काय मिळणार होतं. बस सुरू झाली होती. मला एवढंच सुचलं की राहिलेलं आता तरी करावं. मी दोन्ही हात वर केले. तिनं पिशवी खाली टाकून माझी मनगटं धरली.

"नको. तू वाजवलीस तर मला जावं लागेल."

"जायचंच आहे ना तुला?"

"तेच तर कळत नाही मला. दोन वाजल्या की निघायचं, एवढंच कळतं."

कपडेपटाच्या बाईंनी बसमधून हाक मारली. शेंबडीनं हाक मारली. खिट्टीनं माझे हात सोडले आणि त्या हातांकडे बघत उभी राहिली. नको म्हणाली होती, आणि नजर तिथून हलवत नव्हती. वाजवाव्यात तर पुन्हा मीच तिला हाकलल्यासारखं, न वाजवाव्यात तर पुन्हा मीच अडवल्यासारखं. मी हात काखेत दाबून धरले. त्या वेळी काय करायला हवं होतं हे मला अजूनही कळलेलं नाही. ड्रायव्हरनं थोडी वाट बघितली, मग बस गेली. खिट्टीनं पिशवी उचलली, फाटक लावून घेतलं आणि शिलाईखोलीत गेली.

सिनेमा लागला. मी बघून आले. फाटकाच्या दृश्याला बायका डोळे पुसत होत्या. खिट्टी आली नाही, आणि मीही तिला ये म्हणाले नाही.

आता रविवारी ती माझ्याकडे येत नाही, मी तिच्याकडे जाते. शूटिंग संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी गेले तेव्हा तिनं मला स्टुलावर बसवलं, मांडीवर गणवेशांचा गठ्ठा टाकला, हातात लहान कात्री दिली. मी दुमडी उसवत बसले. बोलणं झालं ते मापांचं आणि दोऱ्याचं. पाच वाजत आले तशी मी पदर सावरून उठले, म्हटलं निघते आता, बस येईल. तिनं मशीन न थांबवता भिंतीशी टेकवलेली लाकडी पट्टी उचलली आणि टेबलावर मारली. एकदा.

मी दारापाशी होते तशी उभी राहिले, एक हात दाराच्या कडीवर. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मागे तिचं मशीन चालू होतं. समोरच्या खिडकीतून फाटक दिसत होतं. माझी बस आली, थांबली, दोन माणसं उतरली, आणि बस गेली. तिनं हातातली शिवण पूर्ण केली, दोरा दातानं तोडला, घडी घातली. मग हातानं दोन टाळ्या दिल्या आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर ये, अजून पन्नास राहिलेत."

मी त्या दिवशी पायी घरी आले. तेव्हापासून दर रविवारी पायीच येते.